माळ्यावरचे देव

—अगं, पण ही काय उभ्या उभ्या विचारायची गोष्ट आहे? बस आधी. पाटावर बस, जमिनीवर कशाला, आमच्यात कोणी पाटावर आणि कोणी जमिनीवर असं नसतं, किती वेळा सांगू तुला, सुकरे? दाभोशाहून एवढा चढ चढून आलीस, घसा सुकला असेल. पाणी घे. गूळ तोंडात टाक जरा. नवरा कुठंय तुझा, ढवळू? बाजारात? बरं, मीठ-मिरची घेऊन झालं की इकडंच येईल, मग दोघं मिळून उतरा खाली. आणि हे बघ, उद्या लुगडं जाड नेस. नेहमीसारखं आखूड नको, पाण्यात बाईमाणसाच्या अंगाला चिकटतं, बरं दिसत नाही. मी चादर घेऊन काठावर उभी राहणारच आहे, पण तरी. पाणी गार असतं या दिवसांत. घाबरायचं नाही. गुडघे टेकायचे, तोंड पुढं करायचं, आमचे मास्तर डोक्यावर हात ठेवतात आणि तीनदा पाण्याखाली घालतात— एकदा बापाच्या नावानं, एकदा पुत्राच्या, एकदा पवित्र आत्म्याच्या. नाकात पाणी जातं. माझ्याही गेलं होतं. दुष्काळातली पोर मी, मिशनच्या अनाथालयात वाढलेली, मला वाटलं आता हे साहेब आपल्याला बुडवून मारणार, मी साहेबांच्या हाताला चावले— हसतेस काय, खरंच चावले. वळ उठला होता. तरी त्यांनी तिसऱ्यांदा बुडवल्याशिवाय सोडलं नाही— हो. हो गं. ऐकलं मी. मी काही बहिरी नाही. मास्तर स्वतः देवाला मानतात का, हेच ना?

कोणी घातलं तुझ्या डोक्यात? ढवळूनं? मग ढवळूच्या डोक्यात कोणी घातलं? —कारकून. वाटलंच मला. संस्थानच्या दरबारातले ते नवे कारकून. भर बाजारात, चार माणसांदेखत? काय म्हणाले? "पाण्यात उतरायच्या आधी तुमच्या मास्तरालाच विचार रे, त्याचा तरी विश्वास उरलाय का." आणि हसले असतील. हसतातच ते. आमच्या ओटीवर बसूनही हसतात. चहाची कपबशी हातात, पाय हलवत— "वहिनी, देव नाही हे आता सिद्ध झालं बरं का!" मी म्हटलं, बरं झालं, म्हणजे आता चहात साखर कमी पडली तर देवाला हाक मारू नका. तर म्हणाले, "नाही मारणार, देवाशप्पथ!" आता सांग. ज्याच्या जिभेवरून देव उतरत नाही, तो डोक्यातून कसा उतरेल? पण त्यांना त्यातलं हसू कळलंच नाही. मास्तरांना कळलं. मास्तर हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मी आणखी एक कप करून दिला— देवाला नाही म्हणणाऱ्याला मी माझ्या हातानं चहा केला, सुकरे, का तर माझा माणूस त्याच्यापाशी हसतो म्हणून.

वाईट माणूस नाही हो तो. खोटं कशाला बोलू? मानमोडीच्या साथीत आमची लेक रुपी गेली तेव्हा या आळीत एक दार उघडं नव्हतं. कोण उघडेल? ज्याच्या त्याच्या घरात कण्हणं चाललेलं. तेव्हा हा ब्राह्मणाचा मुलगा आला, सदरा काढला, आणि मास्तरांबरोबर खड्डा खणायला उभा राहिला. हाताला फोड आले त्याच्या, लेखणीचे हात ते. मी ते कसं विसरू? पण त्याच हातानं तो पुस्तकं घेऊन येतो. पुण्याहून येतात म्हणे. त्यांच्यात लिहिलंय म्हणे की माणूस घाबरला म्हणून त्यानं देव केला. घाबरला म्हणून! मी म्हणते, आपण घाबरून जी वस्तू करतो ती आपल्याला इतकं कामाला लावते का कधी? पहाटे उठा, खोटं बोलू नका, शेजारणीचे पाय धुवा, वैऱ्यासाठी प्रार्थना करा— भित्र्या माणसानं देव केला असता तर जरा सोपा केला असता.

पूर्वीही होते गं देव नाही म्हणणारे. नव्हते असं नाही. अनाथालयातला आमचा आचारी ताडी प्यायला की म्हणायचा, देव नाही, देव मेला. सकाळी उतरली की आधी गुडघ्यावर. तो राग असायचा. रागावलेला माणूस कोणावर तरी रागावतो ना? समोर कोणी असल्याशिवाय राग येतो का? आताचे हे रागवत नाहीत. शुद्धीवर असतात, चष्मा पुसत पुसत म्हणतात, जसं काही म्हैस गोठ्यात नाही असं सांगावं. त्याचीच मला भीती वाटते. —तुला कळतंय ना माझं बोलणं? मी भरभर बोलते. नाही कळलं तर हात वर कर.

आणि त्या कारकुनालाच का नावं ठेवू? आमच्या घरातच लागलेली आग. गेल्या उन्हाळ्यात समुद्राकाठी मिशनचा मेळा होता. आम्ही दोघं गेलो होतो, मी स्वयंपाकाला. मांडवाच्या मागंच चुलाण. मी भात ढवळतेय आणि आत साहेब साहेबांशी भांडताहेत. साहेब लोक भांडतात हेच मला तेव्हा कळलं! आमचे म्हातारे साहेब— ज्यांना मी चावले ते— त्यांचं म्हणणं, शास्त्रात लिहिलंय ते तसंच्या तसं झालं. माशानं माणूस गिळला म्हणजे गिळला, तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर टाकला म्हणजे टाकला. आणि तो नवा तरुण साहेब, मोठ्या शाळेत शिकून आलेला, तो शांतपणे म्हणतो, ती गोष्ट आहे, गोष्टीतला अर्थ घ्यायचा, मासा सोडून द्यायचा. म्हाताऱ्या साहेबांचा आवाज फाटला. म्हणाले, आज मासा सोडशील, उद्या प्रभूची रिकामी कबर सोडशील! माझ्या हातातला झारा तसाच राहिला, भात खाली लागला. त्या दिवशी सगळ्यांनी करपट भात खाल्ला आणि कोणी एक अक्षर काढलं नाही, भाताबद्दलही नाही आणि माशाबद्दलही नाही.

मी म्हाताऱ्या साहेबांच्या बाजूची. अडाणी म्हण. पण मला एवढं कळतं— ज्यानं समुद्र केला त्याला मासा जड नाही. आणि ज्यांना मासा जड होतो, त्यांना मग हळूहळू सगळंच जड होत जातं. आधी मासा. मग आजाऱ्याला लावायचं तेल. मग जेवणाआधीची प्रार्थना. एकेक वस्तू घरातून निघून जावी आणि जाताना आवाजही होऊ नये, तसं. मी पाहिलंय ना. मी रोज बघतेय—

म्हणजे साहेब लोकांत बघतेय, असं म्हणायचं होतं मला.

नाही, प्रार्थना करतात मास्तर. करतात म्हणजे काय! तू रविवारी ऐकतेस की. शेजारची गोदी तर पदरानं डोळे पुसत असते. आताशा तर पूर्वीपेक्षाही सुंदर करतात. एवढे सुंदर शब्द की मला वाटतं, हे कोणाशी बोलताहेत? आपल्या माणसाशी कोणी इतकं सुंदर बोलतं का? पूर्वी अडखळायचे. "हे बापा, आज... आज ते आपलं... छपराचं बघ जरा." असं. छपराचं बघ जरा! मला हसू यायचं. आता अडखळत नाहीत. —घरी? घरी मी करते. ताटावर बसलं की ते मान खाली घालतात, आणि मी मोठ्यानं म्हणते. आधी तेच म्हणायचे. मग एक दिवस म्हणाले, घसा बसलाय, तू म्हण. मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी घसा बरा होता, तरी मीच म्हटलं. मी एकदा डोळे किलकिले करून बघितलं— पाप आहे ते, प्रार्थनेत डोळे उघडणं— तर ते भाताच्या वाफेकडं बघत होते. नुसतं. बैल बघतो तसं. मी आमेन म्हटलं आणि त्यांनी घास घेतला.

तेलाचं म्हणशील तर, आमच्यात तसं आहे, कोणी आजारी पडलं की मंडळीतल्या वडीलधाऱ्यानं कपाळाला तेल लावायचं आणि देवाजवळ मागायचं. औषधही द्यायचं, मी औषधाला नाही म्हणत नाही, हिवतापाचं कोयनेल मीही गिळलंय. पण तेलही लावायचं. मास्तरांनी किती जणांना लावलं, मोखाड्यापर्यंत जाऊन लावलं, आणि उठले गं लोक, सगळे नाही, पण उठले. रुपीला लावलं तेव्हा तेल ओघळून तिच्या डोळ्यात गेलं, ती म्हणाली, "बाबा, झोंबतं." एवढंच बोलली. ऊन माथ्यावर आलं तेव्हा गेली. आणि माती देऊन आल्यावर यांनी ती तेलाची बाटली घेतली, आणि दिव्यात ओतली. सगळी. वात पुढं केली, दिवा लावला. घरात तेल होतं, दिवा होता, अंधार पडत होता— काय विचारायचं? पण मला वाटतं, ते त्या दिवशीच गेलं. कारकुनाच्या पुस्तकांनी नाही गेलं. पुस्तकं मागून आली, रिकाम्या घरात भाडेकरू यावा तशी.

बघ, तू एक विचारलंस आणि मी काय काय सांगत बसले. गूळ घे ना. तशीच हातात धरून बसलीस.

पण मी आशा सोडलेली नाही हां. मी नवस केलाय. दचकू नकोस. आमच्यात नवस करत नाहीत, मला ठाऊक आहे. मिशनच्या मडमबाईंनी चांगलं खडसावलं मला, "ख्रिस्ती बाई देवाशी सौदा करत नाही." मी म्हटलं, मडमसाहेब, शास्त्रात ती मूल न होणारी बाई देवळात ओठ हलवत रडली, मुलगा दे, तुलाच वाहीन म्हणाली, तो काय होता? मडमबाईंनी दुसराच विषय काढला. तर मी नवस केलाय की मास्तर या घरात, माझ्या शेजारी, पुन्हा गुडघे टेकून प्रार्थना करीपर्यंत मी प्रभूच्या भोजनातली भाकर तोंडात घालणार नाही. पेल्याला ओठ लावणार नाही. तुला नाही कळायचं ते काय आहे. उद्या कळेल. माझ्यासाठी ते... लहानपणी दुष्काळात माझ्या आईनं मला मिशनच्या फाटकात बसवलं, म्हणाली, आत भाकर देतात. ती परत आली नाही. आत दिली त्यांनी भाकर. म्हणून माझ्यासाठी भाकर म्हणजे नुसती भाकर नाही. आणि तीच मी सोडलीय.

आणि गंमत ऐक. आमच्यात भोजनाआधी बायका बायकांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे. जिच्याशी भांडण असेल तिचे आधी धुवायचे, मन साफ करायचं, मगच भाकर. आता मी भाकर घेत नाही म्हटल्यावर बायकांना वाटलं, हिच्या मनात कोणाबद्दल तरी अढी आहे. कोणाबद्दल? ज्या त्या बाईला वाटे, आपल्याबद्दलच. एक दिवस दुपारी गोदी तांब्या आणि परात घेऊन दारात! "मास्तरीणबाई, पाय पुढं करा." मी म्हटलं, अगं काय झालं? तर रडायलाच लागली— "ती अंडी मीच नेत होते, तुमची कोंबडी माझ्या कुडात घालायची, मी म्हटलं माझ्या कुडात घातलं ते माझं." मला पत्ताच नव्हता! मी कोंबडीलाच शिव्या देत होते. तिनं पाय धुतले, मीही तिचे धुतले, पायात पाय अडकून परात उलटली, दोघी हसलो. आणि पुढच्या वेळीही मी भाकर घेतली नाही, तर ती परत आली. या खेपेला काय कबूल करावं हे तिला सुचेना. म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा मी काय केलंय." तिला मी काय सांगू? की तुझं काही नाही गोदे, ज्याच्या हातून तू भाकर घेतेस—

—नको. तेवढं नको विचारूस.

तुझं बघू आपण. तुझं काय अडलंय सांग. सासू बोलते? बोलणारच, म्हातारं माणूस, तिचा जन्म गेला त्यांच्यापुढं. देव बुडवले म्हणून वासरू मेलं म्हणते? वासरू कशानंही मरतं. तू सुगीत तुझ्या हातानं काढून दिलेस, डोहात सोडायला मास्तरांच्या हातात दिलेस, मी होते ना शेजारी. ढवळू म्हणाला, "मास्तर, जपून ने, आमचा देव जड हाय." मोरपिसांची जुडी ती, जड कसली, पण त्याचा चेहरा असा की दगड उचलून देतोय. मला गलबलून आलं होतं. मी मनात म्हटलं, हा खरा. हा जे देतोय ते खरंच देतोय. तुझ्या टोपलीला ती लाल चिंधी बांधलेली, तिची गाठ अजून तशीच—

काही नाही. काही नाही म्हटलं ना.

कुठली टोपली? मी टोपली म्हणाले का? तशी म्हटलं, तेव्हा होती तशी. सुगीत बघितली होती ना मी. अजून म्हणाले? ...वर कशाला बघतेस? वर काही नाही. माळा आहे. नागलीची कणगी आहे. उद्याच्या जेवणाचं मोठं पातेलं वर होतं, ते काढायला मी काल चढले होते, म्हणून शिडी लावलेली— सुकरे. बस खाली.

हे बघ. बस. सांगते. मला खोटं बोलता येत नाही, आणि उद्या तू पाण्यात उतरणार आहेस, त्याच्या आदल्या दिवशी तर मुळीच येणार नाही. तुमचे देव मास्तरांनी बुडवले नाहीत. डोहात टाकून आलो म्हणाले, मला म्हणाले, तुम्हाला म्हणाले, मंडळीपुढं म्हणाले. काल मी पातेलं ओढलं, तर कणगीच्या मागं पोतं. पोतं उचललं. सगळे बसलेले. तुझा मोरपिसांचा हिरवा देव, तुमच्या पाड्यातल्या लहान्याच्या घरचे शेंदूर लावलेले दगड, खोडाळ्याच्या त्या म्हातारीची तांदळाची धान्यदेवी कणसरी, तिच्या करंड्यासकट. ओळीनं. नीट. उंदरांनी कुरतडू नये म्हणून भोवती कडुलिंबाचा पाला घातलेला, आणि पाला ताजा, सुकरे. बदलत होते ते. मला वाटायचं ते शाळेत गेलेत, आणि ते शिडीवर असायचे.

ज्यांना भ्यायचं नाही एवढं एकच मी लहानपणापासून शिकले, ते माझ्या चुलीच्या बरोबर वर. मी खाली भाकऱ्या भाजतेय, स्तोत्र गुणगुणतेय, आणि धूर कुठं जातो? वर. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांना धूप देत होते! मी! मडमबाईंना कळलं तर त्या इथंच आडव्या होतील. मला आधी राग आला. म्हटलं, उचलावं आणि चुलीत घालावं. पिसाला हातही लावला. मग तुझी गाठ दिसली, ती चिंधी, ढवळूचा चेहरा आठवला, आणि हात मागं आला. मी त्यांना देव मानत नाही, तुला बरं वाटावं म्हणून मानते म्हणणार नाही. पण ते तू दिलेलं होतं. ते चुलीत घालायला मी कोण?

मग मी खाली आले आणि कालपासून एकच विचार करतेय. ऐक हां, तुला नाही सांगत, माझं मलाच सांगतेय. ज्याला काहीच नाही असं वाटतं, आकाश रिकामं आहे असं वाटतं, तो पिसं आणि दगड जपून कशाला ठेवील? फेकून देईल. कारकुनानं फेकले असते. चष्मा पुसत फेकले असते. माझ्या माणसाला फेकवले नाहीत. लोकांनी विश्वासानं हातात दिलेलं पाण्यात सोडायला त्याचा हात धजला नाही, कारण आपण त्यांना बदली काही देतोय याची त्याला खात्री नाही. म्हणून ठेवले. कोणी मागायला आलं तर परत देता यावेत म्हणून. पाला बदलत राहिला. त्याला अजून लाज आहे, सुकरे. ज्याला लाज आहे त्याच्या समोर कोणीतरी उभं आहे. त्याला ते दिसत नाही एवढंच. माझी आशा तेवढीच आहे, पण आहे.

हो. हेच उत्तर. तू विचारलंस त्याचं. मास्तर मानत नाहीत. आता तरी मानत नाहीत. —बोलले मी. देवा, बोलले.

जायचंय वर? जा. शिडीची तिसरी पायरी हलते, तिच्यावर भार नको देऊस. मी येत नाही. मी इकडं तोंड करून बसते, तुझं तू बघ. ...सापडली? कणगीच्या डाव्या अंगाला. बाकीच्यांना हलवू नकोस, ज्याचं त्यानं यावं. जपून उतर, एका हातानं धर... ये. ओली झाली नाही ना कुठं? बरं. रडू नकोस. रड, रड हवं तर.

काय? —नाही! काय बोलतेस? मी? मी तुला बाप्तिस्म्याचं पाणी देऊ? बाईमाणसानं? छे छे. अगं, म्हातारे साहेब विलायतेला जाताना मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून गेले, अधिकार त्यांना आहे, मला नाही. "तू मानतेस ना, मग तूच दे"— असं नसतं ते, सुकरे. किती साधं करून टाकलंस! मला मोह घालू नकोस. मी त्या नव्या साहेबाला नावं ठेवते, मग मीच मला वाटेल ते करायला लागले तर माझ्यात आणि त्याच्यात काय फरक?

आणि खरं सांगायचं तर म्हातारे साहेब म्हणायचे, पाणी देणाऱ्याच्या मनात काय आहे त्यानं पाणी खोटं होत नाही. प्रभूचं पाणी ते, हात कोणाचाही असो. तू उद्या उतरलीस तर तुझं खरंच होईल, बाई. तुझं काही जात नाही. त्यांचं जातं. तुला गुडघ्यावर बसवायचं, ती तीन नावं घ्यायची, एकाही नावापाशी थरथरायचं नाही, आणि घरी येऊन जेवायचं. असं आणखी एकदा झालं, आणखी दोनदा झालं, की मग लाजही राहणार नाही. मग तो पाला बदलणं थांबेल. म्हणून म्हणते, उद्या येऊ नका तुम्ही. तुझ्यासाठी म्हणत नाही, माझ्या माणसासाठी मागतेय. मी प्रचारकाची बायको, आणि माझ्या दारात चालत आलेल्या बाईला मीच म्हणतेय, थांब. लिहून घेणारा लिहून घेवो. मी भाकरीवाचून थांबलेय, तू पाण्यावाचून थांब. दोघी बाहेर बसू. एकटीला जड जातं गं. दोघी असलो की... आणि ती टोपली घरी ने. ठेवायची तर ठेव, सोडायची तर तुझ्या हातानं सोड, ढवळूला बरोबर घेऊन सोड. पुन्हा कोणाच्या हातात देऊ नकोस. माझ्याही नाही.

—थांब. फाटक वाजलं. तेच. छत्री टेकत चालतात, ओळखू येतं.

मागच्या दारानं? का? चोरी केलीस का तू? तुझी वस्तू आहे. पुढच्या दारानं जा, ओटीवरून, त्यांच्या समोरून. रोजच्यासारखा रामराम— सलाम कर. ते विचारतील, काय नेतेस? सांग काय नेतेस ते. कोणी काढून दिली विचारलं तर मी म्हणून सांग. मी? मी कुठं जाणार? मी इथंच असेन, या चुलीपुढं, गुडघ्यावर. शेजारची जागा रिकामी ठेवून. ते आत येतील, नाही तर तसेच कारकुनाकडं जातील, मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. पण आज त्यांनी बघितल्याशिवाय काही व्हायचं नाही.

पदर काढ टोपलीवरून. झाकू नकोस. पिसं दिसू दे त्यांना. —जा, बाई.